‘तुला भाऊ आहे? कधी बोलली नाहीस!’

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ११:१०

इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते कमी. आज लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून हा धागा काढतेय.

माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा आहे. डाऊन सिंड्रोम. घरी सगळे त्याला राजा म्हणतात, इथेही तेच लिहिते. गेल्या आठवड्यात विशेष मुलांच्या जिल्हा स्पर्धेत (चौतिशीतही त्यांना ‘मुलं’च म्हणतात) त्याला बोचीत रौप्यपदक मिळालं. बोचीत एक लहान चेंडू आधी टाकलेला असतो, आपला मोठा चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचा. नुसता जोर लावून भागत नाही. राजा चेंडू आधी पँटला पुसतो, जिभेचं टोक ओठात धरतो, डावा गुडघा वाकवतो आणि चेंडू सोडतो, आवाज न करता भांडं फरशीवर ठेवावं तसा. शेवटचा चेंडू लहान चेंडूला चिकटून थांबला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या बाई दचकल्या.

फोटो स्टेटसला लावला. ‘माझा भाऊ, माझा अभिमान.’ संध्याकाळपर्यंत शंभराच्या वर अंगठे आणि बदाम आले. त्यातच शाळेतल्या मैत्रिणीचा मेसेज: ‘अगं, तुला भाऊ आहे? पाचवी ते दहावी एका बाकावर बसलो, कधी बोलली नाहीस!’

तिने सहज विचारलं होतं. मी फोन उपडा ठेवला आणि भांडी घासायला लागले. अजून उत्तर दिलेलं नाही.

सांगलीत गावभागात आमचं घर, शाळा चालत दहा मिनिटांवर. सहा वर्षांत एकही मैत्रीण मी घरी आणली नाही. कुणी येते म्हणालीच तर ‘आजी आजारी आहे’ म्हणायचे. आजी ठणठणीत होती. गल्लीतली पोरं मला ‘खुळ्याची बहीण’ म्हणायची. ते शाळेपर्यंत पोचू नये एवढ्यासाठी मी घरी यायचा रस्तासुद्धा बदलला होता.

सातवीतली गोष्ट. मी डबा विसरले होते. मधल्या सुट्टीत आजी डबा घेऊन फाटकाशी आली, बरोबर राजा. सात वर्षांचा, निळा स्वेटर, नाक वाहत होतं. मला लांबूनच बघून ‘ताईऽऽ’ करून ओरडला. शेजारच्या मुलीनं विचारलं, ‘ते खुळं कुणाचं गं?’ मी ‘काय माहीत’ म्हटलं आणि पळाले. सायकल स्टँडच्या मागे घंटा होईपर्यंत बसून राहिले. आजी डबा शिपायाकडे ठेवून गेली. घरी मी म्हटलं, तुम्ही मला दिसलाच नाहीत. आजीनं माझ्याकडे बघितलं, बोलली काहीच नाही. हे आजवर मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

तोच राजा आता दर भाऊबीजेला कार्यशाळेच्या मानधनातून मला ओवाळणी घालतो. शंभराच्या दोन नोटा, पाकीट त्यानं स्वतः चिकटवलेलं. कडेनं बाहेर आलेला डिंक तो अंगठ्यानं पुसतो, त्यामुळे प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर त्याचा ठसा उमटलेला असतो. अकरा पाकिटं कपाटात आहेत. एकातलीही नोट काढलेली नाही.

आणि २०१९ चा ऑगस्ट. सांगलीत पाणी शिरलं, मी पुण्यात. महामार्ग बंद. आईबाबा आणि राजा दुसऱ्या मजल्यावर अडकलेले. राजा बोटीत बसायला तयार होईना, शेवटी शेजारच्या मुलानं त्याला पाठीवर घेऊन उतरवलं. टीव्हीवर आयर्विन पुलाखालचं पाणी बघून मी रडत होते. आणि त्याच वेळी कुठेतरी खोल, आज उचलायला मी तिथे नाही याचं बरंही वाटलं होतं. तो मुलगा मला ताई म्हणतो. आजही त्याच्याशी नीट बोलता येत नाही.

सहानुभूती नको आहे. अशी भावंडं असलेल्यांनी लिहावं. पदकाच्या दिवशी ऊर भरून येतो, तो आनंद खरा असतो. पण तो मनात टिकत नाही, लगेच फाटक आठवतं. तुमचं असं होतं का?

नीरफणस | रविवार, रात्री ११:३२

वाचलं. दोनदा वाचलं. राजाचं मनापासून अभिनंदन सांगा. बाकी ज्यांनी भोगलंय ते लिहितील, मी वाचते आहे.

गच्चीवरचा | सोमवार, सकाळी ६:०५

मी एकसष्ट वर्षांचा. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. जन्मल्यावर उशिरा रडला, सेरेब्रल पाल्सी झाली. बुद्धी तल्लख, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणार, पण पाय आणि जीभ साथ देत नव्हती. परळला चाळीत तिसरा मजला. पंधराव्या वर्षापासून मी त्याला पाठुंगळी घेऊन जिने उतरायचो. अख्खी चाळ मला श्रावणबाळ म्हणायची. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला आवडायचं. खाली उतरताना कोण कोण बघतंय याकडे लक्ष असायचं माझं.

त्याला पाठीवर घेतलं की त्याचं तोंड माझ्या कानापाशी यायचं. एक दिवस दुसऱ्या मजल्यावर तो म्हणाला (एक वाक्य बोलायला त्याला अर्धा मिनिट लागायचा), ‘उद्या नको नेऊस. तू दात खातोस. मला ऐकू येतं.’

मला कळतच नव्हतं की मी दात खातो. पाठ दुखायची, कॉलेजची मुलं खाली क्रिकेट खेळत असायची, राग यायचाच. तो कुणाला दिसला नाही, फक्त दादाला ऐकू आला. त्यानंतर दोन महिने तो खाली आला नाही. मी विचारायचो, तो मान हलवायचा. ते दोन महिने मी संध्याकाळी क्रिकेट खेळलो. वर खिडकीत तो दिसायचा.

चार वर्षांपूर्वी गेला. दिवसकार्य आटोपलं त्या रात्री मी सलग नऊ तास झोपलो. तीस-बत्तीस वर्षांत असा झोपलो नव्हतो, रात्री दोनदा त्याची कूस बदलायला उठायचं असायचं. सकाळी जाग आली तेव्हा आधी अंग हलकं वाटलं, मग ते का वाटतंय ते आठवलं. बायकोला म्हटलं, मला जेवायला वाढू नकोस. तिनं वाढलं.

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. हो, होतं असं.

दोन_वेण्या | सोमवार, दुपारी १:२०

मी आई आहे, बहीण नाही, तरी लिहिते, कारण तुमचं फाटक वाचून पोटात खड्डा पडला. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात, त्याला ऑटिझम आहे. परवा मुलगी म्हणाली, ‘माझ्या वाढदिवसाला त्याला मामाकडे पाठव ना. तो केक कापेपर्यंत ओरडतो आणि सगळे माझ्याकडे बघतात.’ मी तिला खूप बोलले. ‘तुझाच भाऊ आहे, लाज नाही वाटत?’ असं म्हणाले. तेव्हापासून ती गप्प आहे. दूध पिते, अभ्यास करते, गप्प.

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी ३:४५

गच्चीवरचा, तुमचा प्रतिसाद ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचला. ‘तीस वर्षांत झोपलो नव्हतो’ हे तुम्हीच लिहिलंय, तेही धरा ना हिशेबात.

दोन_वेण्या, आजच तिच्याजवळ बसा. लाज वाटते हे तिनं तुम्हाला तोंडावर सांगितलं, मला ते कधी जमलं नाही. आमच्या आईनं मला कधीच रागावलं नाही, उलट ‘माझी शहाणी गं बाई’ म्हणायची. त्या ‘शहाणी’नंच माझं तोंड बंद केलं. मला एकच हवं होतं, कुणीतरी म्हणावं की हो, लोक बघतात आणि ते त्रासदायक असतं. वाढदिवसाला त्याला मामाकडे पाठवलंत तर त्यात त्याचा अपमान नाही. फुगे फुटण्याचा आणि टाळ्यांचा आवाज त्यालाही सोसत नसणार. दुसऱ्या दिवशी घरात चौघांनी पुन्हा एक छोटा केक कापा.

सिएटलहून | सोमवार, संध्याकाळी ७:१५

दोन_वेण्या, इकडे अमेरिकेत सिबशॉप नावाचे मेळावे भरतात, फक्त अशा भावंडांसाठी. उपदेश नसतो, खेळ असतात, खाणं असतं, आणि मध्येच ‘तुझा भाऊ मैत्रिणींसमोर असं करतो तेव्हा तू काय करतेस?’ अशा गप्पा. माझी भाची जायची. दुसऱ्या एका मुलीच्या भावानंही केक जमिनीवर फेकला होता हे ऐकून ती घरी येईपर्यंत हसत होती. तुमच्या मुलाच्या शाळेतली पाच-सहा भावंडं महिन्यातून एकदा कुणाच्या घरी जमवता आली तरी पुष्कळ.

चाक_आणि_मी | सोमवार, रात्री ९:५०

या धाग्यावर सगळे भावाबद्दल बोलताहेत. मी तो भाऊ आहे. नागपूर, वय एकेचाळीस, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअर, हिशेबाचं काम करतो, स्वतःचं पोट भरतो.

माझ्या ताईनं माझ्यासाठी केलं नाही असं काही नाही. माझी परीक्षा असली की लेखनिक शोधण्यापासून सगळं तिनं केलं. पण तिची एक गोष्ट मला सोसत नाही. ती कुठे फिरायला गेली की मला फोन करून आधी माफी मागते. महाबळेश्वरला गेली, फोन: ‘तुला न्यायला हवं होतं रे.’ मला जायचंच नव्हतं. मग तिची समजूत काढण्यात माझी संध्याकाळ जाते. अपराधी तिला वाटतं आणि ओझं मला उचलावं लागतं. मी तिला म्हटलं, फोटो पाठव आणि स्ट्रॉबेरी आण. दोन वर्षं लागली, आता नुसते फोटो पाठवते.

कृष्णाकाठ, तुम्ही इथे राजाचं खरं नाव लिहिलं नाहीत हे चांगलं केलंत. पण स्टेटसला फोटो लावायच्या आधी त्याला विचारलं होतंत का? पदक त्याचं आहे. ‘माझा अभिमान’ म्हणताना त्यात ‘माझा’ किती आणि तो किती, हे बघा. टोचून बोलत नाही, आमचे फोटो आयुष्यभर लोक न विचारता लावत आलेत म्हणून बोलतो.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:३०

नाही विचारलं. तुम्ही लिहीपर्यंत मला ते सुचलंही नव्हतं. माझ्या मुलीचा फोटो लावताना मी तिला विचारते, ती नऊ वर्षांची आहे.

तिसरी_पोळी | मंगळवार, दुपारी १२:१०

वहिनी म्हणून लिहिते. मला बघायला आले तेव्हा मुलाकडच्यांनी असा एक दीर आहे हे सांगितलंच नव्हतं. कांदेपोहे झाले, आम्ही त्यांच्या घरी गेलो त्या दिवशी दिरांना मावशीकडे ठेवलं होतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. मी नवऱ्याशी कित्येक महिने धड बोलले नाही. राग दिरांचा नव्हता, लपवल्याचा होता. पुढे एकदा तो म्हणाला, ‘मावशीकडे सोडायला मीच गेलो होतो. तो मला विचारत होता, माझं पण लग्न आहे का.’ एवढं सांगून उठून बाहेर गेला.

इथे सगळे भाऊबहिणीचं नातं म्हणताय, पण ताट मी वाढते. दिरांना तिसरी पोळी तुपाशिवाय चालत नाही हे सासूबाईंनंतर फक्त मला माहीत आहे. कुणी विचारलं ‘घरी कोण कोण असतं’ तर ते पहिलं बोट माझ्याकडे दाखवतात. तेव्हा मलाही भरून येतं. तो अभिमानच असणार, दुसरं काय म्हणू?

एक विनंती. तुमच्या नवऱ्याला ते फाटक सांगा. आईबाबांनंतर राजा तुमच्या घरी येणार असेल तर तो त्यांच्याही घरी येणार आहे.

कागदपत्रकाका | मंगळवार, रात्री ८:४०

माझी बहीण ४४ वर्षांची, बौद्धिक अक्षमता. वडील गेले तेव्हा बँकेत गेलो, तिथे विचारलं, ‘हिचे कायदेशीर पालक कोण?’ मी म्हटलं, मी भाऊ आहे. म्हणाले, कागद दाखवा. भाऊ असल्याचा कागद माझ्याकडे नव्हता.

म्हणून सांगतो. अठरा पूर्ण झाली की आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमता येतो. अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करायचा, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. समितीवर एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्तीही असते. भाऊबहीण अर्ज करू शकतात. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत हिशेब. कटकट वाटते, पण बहिणीचा पैसा कुठे गेला हे मला कुणीतरी विचारतं याचं मला समाधान आहे.

त्याच ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. आणि आयकरातली अपंग नातेवाइकासाठीची वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) पाहा. भावंड तुमच्यावर अवलंबून असेल तर जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. आईवडील हयात आहेत तोवर हे करा. आमचे वडील विषय काढला की ‘बघू’ म्हणायचे. मीही काढायचा टाळायचो, त्यांना वाटेल मला तिचे पैसे हवेत.

शिरीषाची_सावली | बुधवार, सकाळी १०:२५

काकांना अनुमोदन, आणि एक जोड. पूर्वी डाऊन असलेलं मूल जास्त जगणार नाही असंच आईवडिलांना सांगितलं जायचं. अमेरिकेत १९८३ च्या सुमाराला सरासरी आयुष्य पंचवीस वर्षं होतं, आता साठीच्या आसपास आहे. हृदयाची छिद्रं लहानपणीच बुजवली जाऊ लागली, हे एक मोठं कारण. म्हणजे ज्या घरांनी ‘आपल्यानंतर’चा विचार केलाच नाही, तिथे आता भावंडं उभी आहेत. राजाचं थायरॉईड दरवर्षी तपासा. चाळिशीनंतर विसराळूपणाकडे लक्ष ठेवा. एकविसावं गुणसूत्र जास्तीचं असतं आणि अल्झायमरशी संबंध असलेलं एक जनुक त्याच्यावरच आहे, म्हणून तो आजार यांना लवकर गाठू शकतो.

अवांतर, पण बोची वाचून आठवलं. स्पेशल ऑलिम्पिक, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या क्रीडास्पर्धा, १९६८ साली शिकागोत सुरू झालं ते युनिस केनेडी श्रायव्हर यांच्यामुळे. त्यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या अक्षम होती. १९४१ मध्ये वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवून घेतली, तिची होती ती शक्तीही गेली, आणि पुढे तिला दूर विस्कॉन्सिनमधल्या संस्थेत ठेवलं. भाऊ जॉन केनेडी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १९६२ साली, युनिसनं पहिल्यांदा बहिणीबद्दल उघडपणे लिहिलं. म्हणजे एकवीस वर्षांनी. राजाच्या गळ्यातल्या पदकामागेही एक लपवलेली बहीण आहे, असं मला कायम वाटतं.

दोन_वेण्या | गुरुवार, रात्री ९:०५

बसले तिच्याजवळ. ‘लोक बघतात, मलाही कधीकधी नको वाटतं’ असं म्हणाले. ती एवढी रडली. मग म्हणाली, मामाकडे नको, आजीकडे पाठव, मामाचा कुत्रा त्याला आवडत नाही. आभार.

कृष्णाकाठ | पुढचा रविवार, रात्री १०:१५

सांगलीहून आत्ता आले. दमले आहे पण लिहून टाकते.

जाताना गाडीत नवऱ्याला फाटक सांगितलं. कराड येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘म्हणून तू शाळेच्या मेळाव्याला कधी जात नाहीस?’ मला स्वतःला हे कधी जोडता आलं नव्हतं.

घरी राजाला फोटो दाखवला, हा लावू का विचारलं. त्यानं माझा फोन घेतला, सगळे फोटो पुढे-मागे केले आणि वेगळाच निवडला. तो आणि त्याचा जोडीदार, दोघं पायऱ्यांवर बसून भडंग खाताहेत. पदक शर्टाच्या आत गेलेलं, दिसतसुद्धा नाही. मी त्यात नाही. ‘हा,’ म्हणाला. जुना काढून तो लावला.

संध्याकाळी तो पाकिटं चिकटवत बसला होता, दिवाळीची ऑर्डर आहे. मी शेजारी बसले आणि म्हटलं, राजा, तू लहान होतास, आजीबरोबर माझ्या शाळेत डबा घेऊन आला होतास. मला वाटत होतं त्याला आठवणार नाही. खरं सांगायचं तर आठवू नये असंच वाटत होतं.

‘ताई पळाली,’ तो म्हणाला. हात थांबला नाही.

मी म्हटलं, हो. पळाले.

‘आजी रडली. बाकावर.’

सत्तावीस वर्षं हे फक्त त्याला माहीत होतं. आजी कधी बोलली नाही आणि त्याला कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, माझं चुकलं राजा. तो ‘हां’ म्हणाला आणि डिंकाची वाटी माझ्याकडे सरकवली. तासभर आम्ही दोघांनी मिळून पाकिटं केली. माझी चार त्यानं बाजूला काढली, कडा जुळल्या नव्हत्या. परत करायला लावली.

चाक_आणि_मी, मी त्याच्यासमोर रडले नाही. तुमचं वाचलं होतं म्हणून गच्चीत जाऊन रडले.

मैत्रिणीला रात्री उत्तर लिहिलं. आहे, मीच लपवला होता, असंच लिहिलं. तिनं बराच वेळ काही पाठवलं नाही, मग विचारलं, ‘फाटकाशी निळ्या स्वेटरमध्ये यायचा तो का?’ यायचा, म्हणजे एकदा नाही. तो आणि आजी नंतरही येत असणार आणि मला दिसत नसणार. पुढच्या रविवारी ती घरी येते आहे.

कागदपत्रकाका, बाबांशी बोलले. तेही ‘बघू’ म्हणाले, पण रात्री स्वतःहून कपाटातली फाईल काढून दिली. राजाला सांगितलंय की आपण कलेक्टर ऑफिसला जायचं, तुझ्या कागदावर माझं नाव घालायचं. अर्जाबरोबर आम्हा दोघांचा एकत्र फोटो लागतो का? कोणता शर्ट घालायचा ते तो आत्ताच फोन करून विचारत होता. पदक बाहेर ठेवणार म्हणतो.